माझ्या डब्यात पीठ नव्हते

गभने मास्तरांनी मला फसवले. त्यांनी आपल्या फुटबॉलच्या पोरांनाही फसवले, पण ती पोरे त्यांची आहेत, त्यांचे ते बघून घेतील. मी माझ्यापुरते बोलते. मी दिलेला माल अस्सल होता. तो कुठे गेला हे मास्तरांना पक्के ठाऊक होते, आणि तरी भरल्या मैदानात माईक हातात घेऊन त्यांनी सांगितले की शेवंताबाईच्या डब्यात पीठ निघाले.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "ताई, धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा." लिहिते. गंमत तुम्हाला वाटेल. मला अजून ते मैदान आठवले की हातातली वस्तू जोरात खाली ठेवली जाते. या वर्षात दोन बरण्या फुटल्या.

पवनीत बाजाराच्या रस्त्याला माझे खेळाच्या सामानाचे दुकान आहे. जर्सी, बॉल, शिट्ट्या, बुटांचे खिळे आणि मागच्या कपाटात ताकदीच्या पावडरी. त्याआधी मी मासळी विकायची. आमचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेले, नवीन वसाहतीत घर मिळाले, पण मासळी घेऊन बाजाराला येणे सुटले नाही. बाजारात माझ्या पाटीसमोर एक व्यायामशाळा होती. तिथली पोरे मरळीच्या भावासाठी माझ्याशी अर्धा तास भांडायची आणि मग आत जाऊन पावडरीचा डबा एका शब्दाची घासाघीस न करता घ्यायची. हे मी रोज बघत होते. जिवंत, उसळणाऱ्या मासळीवर विश्वास नाही आणि बंद डब्यावर आहे! तिथेच माझे डोके फिरले. म्हटले, डबाच विकायचा.

नागपूरला ठोक व्यापाऱ्याकडे गेले तेव्हा त्याने माझ्या लुगड्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बहनजी, यहाँ फिक्स रेट है." मी म्हटले, "आप फिक्स रहो, मैं भी यहीं फिक्स हूँ." आणि त्याच्या पायरीवर भाकरीचे गाठोडे सोडून बसले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारायची, "तुम्हाला काय भाव दिला हो?" दुपारपर्यंत त्याचा फिक्स रेट मऊ झाला. आजही माझा माल त्याच्याकडूनच येतो. मला पाहिले की तो आधी पायरी झाडून घेतो.

मासळीच्या धंद्यातली एक रीत मी सोडली नाही. आमच्यात गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी मासळीचा कल्ला उघडून दाखवतात. आत लाल दिसला तर मासळी ताजी. बोलायचे कामच नाही. डब्याला कल्ला नसतो, म्हणून मी दुसरी सोय केली. माल आला की सील तपासायचे आणि प्रत्येक डब्याच्या झाकणावरून जाळ्याचा धागा फिरवून आमच्या घरची गाठ मारायची. ही गाठ माझ्या वडिलांची. ती सोडता येत नाही, कापावीच लागते. गिऱ्हाइकासमोर कापायची, सील फोडायचे, चमचाभर पाण्यात टाकून दाखवायचे आणि मगच घरी न्यायला द्यायचे. या धंद्यात नकली माल किती आहे हे मी सांगत बसत नाही. माझ्याकडे जाहिरात नव्हती, इंग्रजी नव्हते. ती गाठ होती आणि तिच्यावर लोकांचा भरवसा होता. बाकी दुकान म्हणजे भाड्याच्या चार भिंती.

आता त्या डब्यातले क्रिएटिन म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी भानगड त्याचीच आहे. कंपनीचा माणूस ते इंग्रजीत सांगून गेला, तेव्हा मी नुसती मान हलवली. मग खेळाच्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मराठीत सांगितले आणि मी हसतच सुटले. हे मासळीत असते! मटणात असते, थोडे आपले शरीरही बनवते. म्हणजे आधी पाटीत विकत होते तेच मी आता डब्यात विकत होते, फक्त वास गेला होता.

बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मरळ कशी चिखलात निवांत पडलेली असते, आणि जाळे लागले की सणकन उसळते? त्या पहिल्या उसळीची ताकद मांसात आधीच साठवलेली असते. ती काही क्षणांत सरते, मग पुन्हा भरावी लागते. क्रिएटिनने तो साठा थोडा वाढतो, थोडा लवकर भरतो. बस, एवढेच. फुटबॉलचा खेळाडू सगळा वेळ पळतो असे लोकांना वाटते. कुठला पळतो! चालतो, उभा राहतो, कमरेवर हात ठेवून दुसऱ्याला बोलतो आणि मध्येच बॉल दिसला की सणकन धावतो, उडी मारतो. त्या सणकेला, आणि ती पुन्हा पुन्हा मारायला, याचा उपयोग होतो. सगळ्यांना सारखा होत नाही. जे मासळी-मटण खात नाहीत त्यांना बहुतेक जास्त जाणवतो. दमसास वाढत नाही, आणि ज्याचा बॉल वाकडा जातो त्याचा वाकडाच जातो, फक्त जरा जोरात. सरावाशिवाय तर काहीच होत नाही. खेळात याला बंदी नाही, हेही सांगून ठेवते. तरी लहान पोरांना मी देत नाही, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, मग मी.

खरे घेतले की पहिल्या दिवसांत वजन थोडे चढते, कारण मांस पाणी धरते. म्हणून दुकानात माणसाचा काटा ठेवला आहे. लोक म्हणतात, शेवंताबाई माणूसही तोलून घेते. घेते.

गिऱ्हाइके एकेक असतात. करडीची एक बाई आपल्या पोलीस भरतीच्या पोरासाठी डबा घेऊन गेली आणि आठ दिवसांत परत आली. "बाई, संपला." मी म्हटले, "एवढ्यात कसा संपला?" तर म्हणाली, "आंबिलीत टाकला. एकट्यानंच काहून प्यावं? घरात कामं तं सारेच करतेत." पूर्ण डबा तिने घरच्या आंबिलीच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतला होता आणि सासऱ्यापासून गड्यापर्यंत सगळ्यांना वाढला होता. आंबटात आणि गरमात हे टिकत नाही हो, मी कपाळाला हात लावला. पण ती खूश होती. "बुढा वावराच्या धुऱ्यावरून उड्या मारून राहिला!" म्हणाली. आता बुढ्याला काय सांगणार?

एकदा एका पोराच्या रक्ताच्या तपासणीत काहीतरी चढलेले निघाले आणि त्याचे दोन मामा, एक काका दुकानावर चालून आले. "पोराची किडनी खाल्ली तुम्ही!" मी म्हटले, मी मासळीवाली, किडनी खात नाही, चला डॉक्टरकडे. डॉक्टरांनी पोराला विचारले, काही घेतोस का? पोरगा मामांकडे बघायला लागला. मी म्हटले, बोल रे. तेव्हा कळले की डॉक्टरांना त्याने पावडरीचे सांगितलेच नव्हते. डॉक्टर त्यालाच रागावले. ही पावडर घेणाऱ्याचा तो आकडा तसाही थोडा वर दिसू शकतो, म्हणून तपासायच्या आधी सांगावे लागते, म्हणाले. दुसरी तपासणी करून किडनी ठीक असल्याचे सांगितले. येताना मामा म्हणाले, "मंग आता चहा तरी पाजा." पाजला. चालून येणारे गिऱ्हाईकही परत पाठवायचे नसते.

तर असे दुकान चालले होते, आणि गभने मास्तर आले.

मास्तर आसगावकडचे. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा संघ म्हणजे जय वैनगंगा मंडळ. धान कापून झाले की रिकाम्या बांध्यांचे, म्हणजे खाचरांचे, धुरे सपाट करून तिथे सराव. पोरे चांगली होती, ते मान्य करते. मास्तरांना दोनच वेड. एक फुटबॉल आणि दुसरे पटाचे बैल. आमच्याकडे शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हिवाळ्यात गावोगाव भरते. मास्तरांची जोडी मोती आणि तुफान. मास्तरीणबाई म्हणायच्या, आमच्या घरी पहिली भाकर बैलांची, दुसरी बॉलची, उरली तर माणसांची. मी हसायची. तेव्हा हसायला नको होते.

मास्तर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "शेवंताबाई, पोरांचं कल्याण हाय. सौजन्य म्हणून डबे द्या."

"कल्याण तुमच्या पोरांचं अन् सौजन्य माहं? हे कोणतं गणित हाय मास्तर?"

"जर्सीवर नाव टाकतो ना तुमचं."

"कुठी?"

"बाहीवर."

"बाहीवरचं डासाले दिसते. पाठीवर टाका."

"अवो, पाठीवर नंबर रायते!"

"नंबराच्या वर जागा हाय. पोरांच्या पाठी मी पाहून ठेवल्या, चांगल्या रुंद हायेत."

मास्तर उठले, बाहेर गेले, परत आले. मी बॉल पुसत होते. ते दुसऱ्यांदा उठले तेव्हा मी त्यांची छत्री उचलून हातात दिली. मग बसले. ठरले असे: पूर्ण मोसमाचे डबे मी खरेदीच्या भावात देणार आणि पाठीवर मोठ्या लाल अक्षरांत 'शेवंता स्पोर्ट्स' येणार. वर माझी एक अट. प्रत्येक खेळाडूचे वजन आधी आणि नंतर माझ्या काट्यावर.

"काट्यावर? पोरं हायेत का वांगे?"

"मासळी असो का माणूस, काट्याबगर मी बोलत नाही."

हे मास्तरांना आवडले नाही, एवढे मला तेव्हाच दिसले होते.

सगळा संघ दुकानात आला. कप्तान निलेश सगळ्यात पुढे. मी गाठ कापली, सील फोडले, काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर टाकले. खरे क्रिएटिन थंड पाण्यात पुरते विरघळत नाही. ढवळा आणि थांबा, जरा वेळाने बारीक वाळूसारखे तळाला बसते आणि वरचे पाणी स्वच्छ दिसते. पोरांनी आळीपाळीने चव घेतली.

"मावशी, नदीत बुडी मारून आल्यासारखं वाटते," निलेश म्हणाला. "दातात वाळू."

"हेच ध्यानात ठेव," मी म्हटले. "चव नाही अन् दातात वाळू."

तो फोडलेला डबा आणि बाकीचे बंद डबे मास्तर घरी घेऊन गेले. रोज सराव झाल्यावर त्यांच्या अंगणात मास्तरीणबाई ग्लास वाटणार होत्या. फक्त गोलकीपर पवन पवनीतच राहायचा, त्याला रोज तिकडे थांबणे जमत नव्हते. घरी सगळे शाकाहारी. त्याने त्याच मालातला एक डबा माझ्याकडून वेगळा घेतला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

काही आठवड्यांनी पोरे पुन्हा काट्यावर आली. पवनचे वजन चढलेले. बाकीच्यांचा काटा जिथे होता तिथेच. एकाचा तर खाली आला होता. मी निलेशला धरले. "पेत नाही का रे?"

"रोज पेतो मावशी. काकू सोता देतेत. आता तं चांगलं लागते, दुधासारखं."

दुधात घालत असतील, मी म्हटले, चांगलेच आहे. मास्तरांना विचारले तर म्हणाले, "अवो, धान चुरण्या-मळण्याचे दिवस हायेत. पोरं दिवसभर राबतेत, खाल्लेलं अंगाले लागत नाही." हेही पटण्यासारखे होते. मास्तर शाळेतला माणूस, त्यांना कारण शोधावे लागत नाही, खिशातच असते.

आणि मग अंतिम सामना आला. पवनीतच, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या मैदानावर. मी नवीन लुगडे नेसून पहिल्या रांगेत. पोरे मैदानात उतरली आणि सगळीकडे माझे नाव धावू लागले. खोटे कशाला बोलू, डोळे भरून आले. ज्या बाजारात लोक "ए मासळीवाली" म्हणायचे तिथे माझे नाव लाल अक्षरांत पळत होते. पूर्वार्ध बरोबरीत सुटला. मध्यंतरात मास्तर बादली घेऊन आले आणि पोरांना म्हणाले, "आज डबल घ्या." पोरांनी डबल घेतले. पवनने स्वतःची बाटली काढली.

खेळ पुन्हा सुरू झाला, आणि थोड्याच वेळात उजव्या बाजूचा बचावपटू पोटावर हात ठेवून उभा राहिला. पंचाकडे बघून काहीतरी खूण केली आणि थेट तलावाच्या पाळीकडे पळाला. इतका वेगात तो त्या दिवशी बॉलमागे पळाला नव्हता. समालोचन करणारा बाहेरगावचा होता. त्याला पोरांची नावे माहीत नव्हती, पाठीवरचे वाचून तो सांगत होता.

"शेवंता स्पोर्ट्स मैदानाबाहेर… काय झालं काही समजत नाही… अरे, आणखी एक शेवंता स्पोर्ट्स पाळीकडे… हे तिसरे शेवंता स्पोर्ट्स… मंडळी, शेवंता स्पोर्ट्सची ही धाव पाहा!"

मोठी अक्षरे मीच मागितली होती. पाळीच्या पलीकडे उतरेपर्यंत स्वच्छ वाचता येत होती.

बदली खेळाडू आत घेतले. त्यांनीही डबल घेतलेले. निलेश अर्धा वाकून खेळत राहिला आणि शेवटी तोही गेला. समोर रिकामे मैदान आणि मागे एकटा पवन. त्या दिवशी त्या पोराने काय काय अडवले! अंग झोकून, मातीत लोळून, चेहऱ्याने सुद्धा. पण एकट्याने किती अडवणार? सामना गेला.

बक्षीस समारंभात मास्तरांनी माईक घेतला. झोळीतून माझा फोडलेला डबा काढला. एक ग्लास पाणी मागवले, चमचा टाकला, ढवळले. पाणी पांढरेफटक झाले, भाताच्या पेजेसारखे. "पाहा," मास्तर म्हणाले, "आमच्या पोरांले या बाईनं काय पाजलं! तांदळाचं पीठ!"

मी ओरडले की हा माल माझा नाही, माझा तळाला बसतो, असा पांढरा होत नाही. माईक त्यांच्याकडे होता. पवन धावत गेला, स्वतःचा डबा आणला, त्यातले पाण्यात टाकून दाखवले. वाळूसारखे तळाला बसले. तर लोक काय म्हणाले? "पवन्याले अस्सल देला अन् बाकीच्यांले पीठ! तवाच तो टिकला!" म्हणजे माझ्याबरोबर त्या पोराचेही मातेरे झाले. त्याने अडवलेले बॉल त्याचे राहिले नाहीत, पावडरीचे झाले. संघातल्या पोरांनी त्याच्याशी बोलणे सोडले आणि त्याने त्या मैदानावर जाणे सोडले.

दुसऱ्या दिवसापासून डबे परत येऊ लागले. तोंडावर कोणी बोलत नसे, पण पाठीमागे माझे नाव 'पीठवाली' पडले. एक बाई डबा घेऊन आली आणि भोळेपणाने विचारले, "बाई, आता घेतलाच हाय, तं याचे अनारसे होतीन का?" तिला मी काय उत्तर दिले ते या अंकात छापता येणार नाही. वडिलांची गाठ मारलेले डबे कपाटात बसून राहिले. आयुष्यात माझी मासळी कोणी परत केली नव्हती.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी जवळच्याच एका गावी पट होता. दुकान चालो न चालो, पट मी चुकवत नाही. जोड्या बांधल्या होत्या तिथून जात होते, तर मास्तरांचे मोती-तुफान दिसले. बैल देखणे, त्यांच्याशी माझे वैर नाही. त्यांच्यापुढे मास्तरांचा साळा बंडू बसला होता. तोच त्यांचा धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा. घमेल्यात सरकीची ढेप कालवत होता. बाजूला धानाच्या तणसावर एक डबा. डब्यावर जाळ्याचा धागा. धाग्याला माझ्या बापाची गाठ, न कापलेली.

माझ्यासमोर बंडूने विळ्याने गाठ कापली, सील फोडले आणि पांढरी पावडर ढेपीवर पसरली.

मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारले, "बंडूभाऊ, हे काय कालवून राहिले?"

"ताकदीची पावडर हाय बाई. फुटबॉलची." बंडू साधा माणूस, त्याच्या पोटात काही राहत नाही. "आमचे मास्तर भाटवे म्हणते, पोरं काय, पिठावरबी पळतेत. बैलाले अस्सल पायजे."

त्यानंतर मी काय बोलले ते त्या पटाला आलेल्या बऱ्याच लोकांना आठवत असेल. मास्तर गर्दीतून धावत आले.

"अवो शेवंताबाई, हळू बोला! बैल बिचकतीन!"

"बैल बिचकले तं बिचकू द्या! माहं दुकान बिचकलं, त्याचं काय?"

हात जोडत त्यांनी मला छकड्याच्या आड नेले. "तुमच्या मालावर माहा किती विश्वास हाय, हे तं पाहा. खोटा माल मी मोतीच्या तोंडाले लावीन का? तुमचा डबा सोनं हाय सोनं. म्हणूनच तं पोरांवर वाया घालवला नाही."

"मंग माईकवर पीठ काहून म्हणले?"

"आता माईकवर काय सांगू, बैलाले चारली म्हणून? पोरांनी मले पाळीवरून तलावात ढकललं असतं! अन् पोट बिघडन हे मले का माहीत? फोडलेल्या डब्यात भरलेलं रोजचं पीठ तं पचून राहिलं होतं. डबल नाही पचलं."

असा हा माणूस. जिल्ह्यात माझ्या मालावर सगळ्यात जास्त भरवसा त्याचा, आणि तो बदनाम केला त्यानेच!

मोती-तुफान त्या दिवशी जिंकले. मास्तरांच्या गळ्यात हार पडला. लोकांनी विचारले, "मास्तर, चारता काय?" मास्तर माईकवर म्हणाले, "घरची ढेप अन् देवाची कृपा." पीठ बाधले तेव्हा माझे नाव, आणि अस्सल माल खाऊन जिंकले तेव्हा देवाचे!

मला एक शंका राहिली, म्हणून गुरांच्या डॉक्टरांना विचारले, बैलांना काही अपाय तर होणार नाही ना? ते खूप हसले. म्हणाले, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आधी जंतूंचीच पंगत बसते. ही पावडर बहुतेक तेच खाऊन टाकतील, बैलाच्या मांसापर्यंत फारसे काही पोचायचे नाही. म्हणजे मोती-तुफान आपल्या पायांनी जिंकले. माझा माल ना पोरांच्या कामी आला, ना बैलांच्या. जंतूंनी खाल्ला. त्यांच्यात कोणी फुटबॉल खेळत असेल तर माहीत नाही.

मी निलेशला दुकानात बोलावून सगळे सांगितले. तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मावशी, संशय तं आमालेबी आला होता. दातात वाळू नव्हती."

"मंग बोलले काहून नाही?"

"मास्तर गेले तं नेट कोण बांधन? बॉल कोण आणन? सामन्याले नेऊन कोण घालन?" मग म्हणाला, "पोरं म्हणतेत, पुढच्या साली तुमचं नाव छातीवर टाकू. पाठीवरबी अन् छातीवरबी. पण मास्तरांचं हे प्रकरण वाढवू नोका."

सौदा चांगला होता. मी घासाघीस करणारी बाई आहे, छातीवरची जागा काय मोलाची असते ते मला कळते. क्षणभर मनात आले की बाहीवरचेही मागून घ्यावे. पण मग डोळ्यांसमोर आले ते असे की पोरे धावत आहेत, पुढून-मागून माझे नाव आहे आणि लोक ते 'पीठवाली' असे वाचत आहेत. नाव साफ नसेल तर मोठे करून काय करायचे? आणि पवनचे काय? तो आता भंडाऱ्याला जाऊन दुसऱ्याच संघात खेळतो. परवा दुकानात आला होता. डबा घेतला नाही, फक्त हातमोजे घेतले. म्हणाला, "मावशी, पावडर नोको आता. चांगलं खेळलो तं लोक म्हणतेत डब्याचं हाय." पावडरीने त्याचे किती झाले आणि त्याच्या मेहनतीने किती, हे मी तरी सांगू शकणार नाही. पण अंग मातीत त्याने झोकले होते, डब्याने नव्हे. मी त्याला हातमोजे घासाघीस न करता दिले. माझ्या दुकानात असे सहसा होत नाही.

म्हणून मास्तर, हे तुमच्यासाठी लिहिले आहे. आता दिवाळी सरली की मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरेल. दंडारीचा नाच होईल, नाटक होईल, आणि दरवर्षीप्रमाणे स्टेजवर माईक तुमच्याच हातात असेल. समोर पहिल्या रांगेत मी बसणार आहे. पवनलाही सोबत आणणार आहे. काचेचे दोन ग्लास मी आणते, पीठ तुम्ही आणा, तुमच्या घरचेच आणा. गाठ लोकांसमोर कापू. तुम्ही फक्त ढवळा आणि गावाला थांबून बघू द्या, कोणते पाणी पांढरे होते आणि कोणते साफ राहते.

मग त्याच माईकवर, तेवढ्याच मोठ्या आवाजात, मला उत्तर द्या. छकड्याच्या आड हात जोडलेले मला चालणार नाहीत, आणि या एका गोष्टीत मी भाव कमी करणार नाही. मोती आणि तुफान यांना मी काही विचारत नाही. त्यांनी पुढ्यात आले ते खाल्ले. पुढ्यात ठेवले कोणी, ते तुम्ही सांगा.